हार्नेटबाईंचा ताप

"आणि आई कशी आहे?" मालाकी क्वर्कने विचारलं. कॉनल हार्नेट म्हणाला, "तिला माती देऊन तीन आठवडे झाले, मालाकी." आणि स्टुडिओतली माणसं खो खो हसली.

त्यांना दोष देण्यात अर्थ नव्हता. गुरुवारी दुपारी हातातली कामं टाकून, किल्डेअरहून नि वेक्सफर्डहून बसगाड्या करून ही माणसं डब्लिनला येत ती हसायलाच. शिवाय हार्नेटबाई हे नाव ऐकलं की हसायचं, ही सवय सबंध देशाला मालाकीनेच लावलेली. तीस वर्षं तो रंगमंचावर उभा राहून आपल्या जुन्या घरमालकिणीचे किस्से सांगत होता. बाई अंडी उकडायच्या त्या घड्याळावर नव्हे, प्रार्थनेवर. तीन वेळा 'नमो मरिया' म्हटलं की अंडं मऊ, पाच वेळा म्हटलं की घट्ट, आणि मधे कोणी मेलेला आठवला की भाडेकरूंच्या पुढ्यात दगड. न्हाणीघरातल्या गरम पाण्याच्या नळाची मूठ काढून त्या एप्रनच्या खिशात घालून हिंडायच्या. हे सगळं लोकांना पाठ होतं. आता खुद्द त्या बाईंचा मुलगा, लंडनला जाऊन सिनेमात नाव काढलेला, समोर येऊन बसला होता. म्हणजे हा दोघांनी ठरवलेला विनोद असणार, असं कोणालाही वाटलं असतं. कॉनल मात्र हसत नव्हता. त्याने पाण्याचा पेला उचलला, घोटभर प्याला, परत ठेवला. मग हसू एकेका रांगेतून मागे सरकत विझत गेलं, आणि शेवटी एका बाईचं तेवढं राहिलं. तिला आपण एकट्याच हसतोय हे कळलं तेव्हा ती खोकली.

मालाकीला पहिल्यांदा जाणवला तो त्याचा उजवा बूट. तो सकाळपासून चावत होता, आणि आता एकदम चावेनासा झाला. पाऊलच जसं कोणी काढून नेलं. दुसरी गोष्ट त्याला जाणवली ती त्याहून वाईट होती. डोक्यात विनोद तयार होत होता. अंड्यांचाच. पाच नमो मरिया आणि शवपेटी. तो अजून पुरता जुळला नव्हता, पण जुळत होता, आणि अट्ठावन्न वर्षांच्या ह्या माणसाला स्वतःची शिसारी आली. बाई गेल्या हे अजून आत पोचलंही नव्हतं आणि आतला हा मेला दुकान उघडून बसला होता. त्याने जीभ दातांखाली धरली.

कार्यक्रमाची रीतच मुळी अशी, की मालाकीला काही कळता कामा नये. 'बघू कोण आलंय' हे नावच होतं त्याचं. मालाकीने खुर्चीत बसायचं, समोरचं दार उघडायचं, आणि आत येणाऱ्याचं तोंड पाहिल्यावर त्याला कळायचं की आज कोणाशी बोलायचंय. हातात कागद नाही, कानात कुजबुजणारं यंत्र नाही. कधीकधी तो समोरच्याला ओळखायचाच नाही. एका प्रसिद्ध गोलकीपरला त्याने बराच वेळ गवंडी समजून घरांच्या पायांबद्दल विचारलं होतं, आणि तो भला माणूसही पायांबद्दल बोलत राहिला होता. लोकांना हेच आवडायचं. इतर कार्यक्रमांत पाहुणे पढवलेले येतात, इथे यजमानच कोरा. पण माणसाला कोरं ठेवणं सोपं नसतं. सप्टेंबरपासून नाताळपर्यंत हंगाम चाले, आणि तेवढे महिने मालाकीच्या घरात बातमी शिरत नसे. त्याची बायको इमेल्डा सकाळी वर्तमानपत्र घेऊन बसे आणि येऊ शकेल अशा माणसाबद्दलचं जे जे असेल ते कात्रीने कापून टाके. मालाकी चहाबरोबर भोकं वाचायचा. रेडिओ बंद, फोन जुना बटणांचा. पहिल्या वर्षीच्या बैठकीत तो फुशारकीने म्हणाला होता, "हंगामात कोणी मेलं तरी मला सांगायचं नाही." सगळे हसले होते. कार्यक्रमाची निर्माती ब्रोना डेव्हिट हसली होती, आणि ब्रोनाची खोड अशी की ती हसते पण विसरत नाही.

आता वर काचेमागे ती बसली असणार. मालाकीने हात वर केला तर ती चित्रीकरण थांबवेल. तशी सोय होती. आजवर त्याने ती कधी वापरली नव्हती. हात मांडीवर होता, उचलायचा तेवढाच. पण थांबवून करायचं काय? आत जाऊन रडायचं, तोंड धुऊन परत यायचं, आणि मग पुन्हा विचारायचं, "आई कशी आहे?" त्यापेक्षा तो उठला. मधलं छोटं टेबल ओलांडून गेला, कॉनलसमोर उभा राहिला आणि हात पुढे करून म्हणाला, "तुझ्या दुःखाचं वाईट वाटलं."

त्यांच्याकडे हे असंच म्हणतात, हेच शब्द, राजा असो की रंक. शवपेटीशेजारी घरची माणसं उभी असतात आणि सबंध गाव रांगेने येऊन एकेकाचा हात हातात घेऊन हेच म्हणत पुढे सरकतं. नंतर चहा आणि हॅमची सँडविचेस. मालाकीच्या क्लेअर परगण्यात तर म्हणतातच, लग्नाला आमंत्रण लागतं, मयताला लागत नाही. वैरी असला तरी जातात. न जाणं हे पिढ्यान्‌पिढ्या लक्षात राहतं: त्यांच्यातला कोणी आपल्या आजोबांच्या वेळी आला नव्हता हो. आणि मालाकी क्वर्क हार्नेटबाईंच्या मयताला गेला नव्हता. एकोणीस वर्षांचा असताना तो त्यांच्या ड्रमकॉन्ड्रातल्या घरी भाडेकरू म्हणून आला, सहा वर्षं राहिला, त्यांच्या हातचं खाल्लं, त्यांच्याच मागच्या खोलीत पहिले विनोद आरशासमोर म्हणून पाहिले. आता तीन आठवडे उशिरा, दिव्यांखाली, पावडर लावलेल्या तोंडाने तो हात मिळवत होता. कॉनलने हात हातात घेतला आणि रिवाजाप्रमाणे म्हणाला, "आलास, बरं वाटलं." तेवढ्यात कोणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली. मालाकीला वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं.

"इमेल्डा आली होती," तो खाली बसल्यावर कॉनल म्हणाला. "तिच्यावर रागावू नकोस. मीच तिला म्हटलं, त्याला सांगू नका, मी सांगेन. ब्रोनालाही मीच फोन केला."

मालाकीला तीन आठवड्यांपूर्वीचा मंगळवार आठवला. इमेल्डा काळा कोट घालून बाहेर पडली होती, दाताच्या डॉक्टरकडे म्हणून. संध्याकाळी परतली तेव्हा तिने ओट्याशी उभं राहून पाठमोरीच बटाटे सोलले होते, चांगले दहा जणांचे. दात कसा आहे, असं त्याने विचारलं तेव्हा म्हणाली होती, काढला. त्या रात्री तिने जेवणात कसर केली नव्हती हे त्याच्या ध्यानात आलं होतं, पण हंगामात तो घरात असून नसल्यासारखाच असे. बायको दात काढून मटण खाते, ह्यावर विनोद होईल का एवढंच त्याच्या मनात येऊन गेलं होतं.

"का पण?" मालाकीने विचारलं. हा प्रश्न त्याने कार्यक्रमात शेकडो वेळा विचारला असेल, मऊ आवाजात, पुढे झुकून. आज आवाज मऊ आला नाही.

"कारण तू आला असतास," कॉनल म्हणाला. "आणि तू आला असतास तर बोलला असतास. मी सांगतो ना कसं झालं असतं. तू मागेच उभा राहिला असतास, अगदी साधा, डोळे लाल. मग कोणीतरी म्हटलं असतं, मालाकी, दोन शब्द. तू नको नको म्हणाला असतास. मग गेला असतास पुढे. आणि अंडी काढली असतीस."

समोरच्या रांगेत कोणीतरी हसलं आणि पटकन तोंड दाबलं.

"बघ," कॉनल म्हणाला. "हे असं. तुला नाही बोलावलं, तरी तू होतासच. रांगेत माणसं उभी, रस्त्यापर्यंत. माझा हात धरतात, म्हणतात, तुझ्या दुःखाचं वाईट वाटलं, आणि लगेच, 'त्या अंड्यांच्याच ना ह्या?' एक जण तर गॉलवेहून आला होता. आईला जन्मात भेटलेला नाही. शवपेटीत वाकून बघतो आणि शेजारच्याला म्हणतो, नळाची मूठ ठेवली का रे बरोबर? मालाकी, माझी आई चौऱ्याऐंशी वर्षं जगली. अंडी उकडण्यापलीकडे तिने काही केलं असेल की नाही?"

मालाकीला बाजू होती. तो म्हणू शकला असता की बाईंनाच ते आवडायचं, पहिल्या रांगेत बसून त्या ऐकायच्या आणि घरी जाताना म्हणायच्या, "पाच नाही रे, चार." हे खरंच होतं. म्हातारपणी स्केरीजच्या वृद्धाश्रमात तर नर्सेसना त्या स्वतःच तो किस्सा सांगायच्या, मालाकी जिथे थांबायचा तिथेच थांबून. शेवटचा तो भेटायला गेला ऑगस्टमध्ये. खिडकीतून समुद्र दिसत होता आणि बाई समुद्राकडे पाठ करून बसल्या होत्या, कारण टीव्ही त्या बाजूला होता. हंगाम संपला की येतो, तो म्हणाला. ये, त्या म्हणाल्या, मी कुठे जात्येय. त्याने ते वाक्य घरी परतताना मनाशी दोनदा म्हणून पाहिलं होतं, चांगलं होतं म्हणून. आता त्याला वाटलं, बाईंचं कोणतंही वाक्य आपण त्यांच्यापाशी राहू दिलं नाही. ऐकलं की खिशात. आणि खिशातलं बाहेर काढून लोकांना दाखवता दाखवता ते इतकं हाताळलं गेलं की आता बाईंचा खरा आवाज आठवू म्हटलं तर स्वतःचाच, बाईंची नक्कल करतानाचा, ऐकू येतो. हे भयंकर होतं. इथे, आत्ता, शंभर माणसांदेखत त्याने आवाज शोधून पाहिला, आणि त्याला आपलीच नक्कल सापडली.

"शेवटी कशा होत्या?" त्याने विचारलं.

"ताप चढला," कॉनल म्हणाला. तो आता लोकांकडे बघत नव्हता. "छातीत कफ, आणि ताप. मी लंडनहून आलो तेव्हा ओळखत होती. दुसऱ्या दिवशी नाही. मी कपाळावर हात ठेवला तर चटका बसला. आणि मला एकदम आठवलं, आपल्या आईला ताप आलेला आपण ह्यापूर्वी एकदाच पाहिलाय. पाहिलाही नाही म्हणा. माझ्या पहिल्या कम्युनियनच्या दिवशी. मी सात वर्षांचा."

मालाकीने खुर्चीचा हात धरला. बसमध्ये, वळणावर धरतात तसा.

"तुम्हा मंडळींना माहीतच आहे," कॉनल लोकांना म्हणाला, "पोरगं पहिल्यांदा चर्चमध्ये प्रसाद घेणार म्हणजे घरात केवढा उत्सव. नवे कपडे, फोटो, सगळ्या नातेवाइकांकडे मिरवत न्यायचं. आई चार महिने आधीपासून तेच बोलत होती. आणि त्या सकाळी कन्सेप्टा मावशी येऊन म्हणाली, आईला ताप आलाय, लागण होईल, आत जायचं नाही. दार बंद. बाबा तर कधीच इंग्लंडला गेलेले ते गेलेलेच. मावशीने कपडे घातले, भांग पाडला. मी काय केलं, जिना चढून आईच्या दाराबाहेर जाऊन उभा राहिलो आणि तिला ओरडून सांगितलं मी कसा दिसतोय ते. एकेक वस्तू. वरपासून खालपर्यंत. आतून काही आवाज नाही. झोपली असेल. पण मला वाटत होतं ती ऐकत्येय. तापात डोळे मिटून ऐकत्येय." तो थांबला. "ही एकच गोष्ट अशी आहे, मालाकी, की जी तुझ्याकडून माझ्याकडे आलेली नाही. बाकी आईचं मला जे जे आठवतं, ते मला खरंच आठवतं की तुझ्या तोंडून ऐकलंय, मला सांगता येत नाही. ती नळाची मूठ मी पाहिली होती का? देव जाणे. पण ते बंद दार माझं आहे. ते तुला माहीत नाही."

मालाकीला ते दार माहीत होतं. दारामागची खोली रिकामी होती, हेही माहीत होतं. बाई त्या वेळी त्याच्या शेजारी बसल्या होत्या, क्लेअरला जाणाऱ्या बसमध्ये, हातमोजे मांडीवर ठेवून.

पहाटे जिन्याखालचा फोन वाजला होता आणि गावचा शेजारी म्हणाला होता, मालाकी, तुझा बाप गेला. दोन वर्षं बापलेक बोलत नव्हते. गुरं सोडून शहरात जाऊन माकडचेष्टा करणारा मुलगा मला नको, असं बाप म्हणाला होता, आणि मुलाने ते फार मनाला लावून घेतलं होतं, कारण वाक्य चांगलं होतं. मी जाणार नाही, मालाकी म्हणाला. जिन्याच्या पायरीवर बसून तो हे पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. बाई तिथे इस्त्री करत होत्या, पोराचे कपडे. त्यांनी इस्त्री उभी केली. त्या म्हणाल्या, "बापाच्या मयताला न जाण्याइतका मोठा तू झालेला नाहीस, आणि होणारही नाहीस." तो हलला नाही. त्याला उठवून बसमध्ये बसवलं असतं तरी तो पुढच्या थांब्यावर उतरला असता. हे त्यालाही ठाऊक होतं आणि बाईंनाही. मग त्यांनी बहिणीला फोन केला, हळू आवाजात, भिंतीकडे तोंड करून. आणि कोट घातला. तेवीस वर्षांच्या त्या बाप्याने त्या वेळी त्यांना विचारलंही नाही, की बाई, आज तुमच्या घरात काय आहे. दुःखात माणूस सोयीस्कर आंधळा होतो. बस शहराबाहेर पडल्यावर त्याच्या डोक्यात उजेड पडला. "बाई," तो म्हणाला, "आज कॉनलचं…" त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मला ताप आहे. समजलं? मला आज फार ताप आहे."

बस पुढे चालली. गुरं, दगडी कुंपणं, पुन्हा गुरं. कुठल्याशा गावात चर्चची घंटा वाजत होती, शनिवार होता, तिथल्याही पोरांचं कम्युनियन असणार. दाराशी पांढऱ्या झग्यातल्या मुली दिसल्या. बाईंनी मान फिरवली नाही. त्या बोलायला लागल्या, त्याच्याशी नव्हे, काचेशी. "आता आला असेल दाराशी. मला सांगितल्याशिवाय जायचा नाही तो. निळा कोट. पांढरा शर्ट, कॉलरला मी दोनदा इस्त्री केलीय. छातीवर पदकाचं फूल. आखूड चड्डी, पांढरे मोजे." मग थोड्या वेळाने, "डावा मोजा घसरतो त्याचा. कन्सेप्टाला सांगायचं राहिलं, रबर लाव म्हणून." एवढं म्हणून त्यांनी पर्समधून पेपरमिंट काढली, एक त्याला दिली, एक स्वतः तोंडात टाकली. गावी पोचल्यावर बाई आधी आत गेल्या, मालाकीच्या आईचा हात हातात घेतला, म्हणाल्या, मी ह्याची घरमालकीण, तुमच्या दुःखाचं वाईट वाटलं. मग बाह्या सारून स्वयंपाकघरात हॅम कापायला उभ्या राहिल्या. मालाकी बापाच्या कपाळाला हात लावून आला. तो गेला नसता तर आज कोणत्या तोंडाने जगला असता, त्याला माहीत नाही. हे त्याने कधी रंगमंचावर सांगितलं नव्हतं. मोह झाला नाही असं नाही. एकदा लिहूनही पाहिलं होतं, शेवटाला हशा बसेल असं. पण प्रत्येक वेळी मधेच तो मोजा यायचा आणि पुढे जाता यायचं नाही. कन्सेप्टा मावशी कधीच गेली. आता बाईही गेल्या. हे जाणणारा जगात तो एकटा उरला होता.

"तर आता तू एक दे मला," कॉनल म्हणत होता. "मी त्यासाठीच आलोय. सिनेमाचं मरू दे. तू सहा वर्षं तिच्या घरात होतास, मी तेव्हा लहान. माझ्याहून तिला तूच जास्त पाहिलंयस. तू कधीच कोणाला सांगितलेलं नाही असं तिचं एक काहीतरी सांग. विनोदी नसलं तरी चालेल. नसलेलंच बरं. एक तरी ठेवलं असशील ना मागे?"

ह्याच क्षणासाठी लोक हा कार्यक्रम बघत, मालाकीला ते नीट ठाऊक होतं. आणि त्याच्याकडे देण्याजोगं होतं. अस्सल, न हाताळलेलं. बाईंचं अख्खं मोठेपण त्यात होतं, अंड्यांना कायमचं पुसून टाकील असं. ते सांगितलं तर शनिवारी रात्री कार्यक्रम लागल्यावर सबंध देश रडला असता आणि हार्नेटबाई कोण होत्या ते सगळ्यांना कळलं असतं. फक्त कॉनलला कळलं असतं की आपण रिकाम्या खोलीला कपडे दाखवत होतो, आणि आई त्या दिवशीही ह्याच माणसापाशी होती. बाईंचं ऋण फेडायला सांगावं, की बाईंचंच ऋण म्हणून गप्प बसावं? त्याला खूप सांगावंसं वाटत होतं. तोंडात शब्द येऊन उभे होते. सवयीने त्यांनी आपापल्या जागाही घेतल्या होत्या.

"नाही रे," मालाकी म्हणाला. "माझ्याकडे काही उरलेलं नाही. होतं ते सगळं विकून झालं."

कॉनलने मान हलवली. "वाटलंच होतं मला," तो म्हणाला, रागाने नव्हे, दुकान बंद असेल असं वाटून गेलेला माणूस दुकान बंद बघून म्हणतो तसं. लोकांतून एक सुस्कारा उठला. शनिवारी हे सगळ्या घरांतून ऐकू जाईल आणि बायका चहाचे कप ठेवून म्हणतील, बाई बाई, सहा वर्षं जेवला तिच्या घरी, आणि मेल्याला एक गोष्ट सांगता येऊ नये. म्हणू देत. कॉनल माइकच्या तारेशी चाळा करत होता, आता उठावं की काय अशा बेतात. पुढे काय विचारायचं ते मालाकीला नेहमी सुचे. आज डोकं धुतलेल्या पातेल्यासारखं होतं. त्याला फक्त ते पोरगं दिसत होतं, जिन्याच्या वरच्या पायरीवर, दाराला तोंड लावून.

"काय घातलं होतंस?" त्याने विचारलं.

"कधी?"

"कम्युनियनला. दाराबाहेरून तिला काय काय सांगितलंस?"

"आता? इथे?"

"मला ऐकायचंय."

कॉनलने त्याच्याकडे संशयाने पाहिलं. ह्यातून कुठेतरी विनोद निघणार, असं त्याला वाटत असावं. पण समोरचा माणूस नुसता बसला होता. मग कॉनल बोलायला लागला, आधी तुटक, मग त्याचा आवाज उगीचच थोडा चढला, बंद दारापलीकडे जायला हवा तसा. निळा कोट, मम्मी. शर्ट पांढरा, कॉलर कडक आहे, टोचते. फूल लावलंय, पदक खालीवर होतंय. चड्डीला खिसे आहेत, दोन्ही खरे. बूट इतके चकचकीत की त्यात दिवा दिसतो. मोजे पांढरे. मालाकी ऐकत होता. पाहुणा बोलताना पुढचा टोला मनात जुळवत राहायचं, ही त्याची जन्माची खोड. आज त्याने काही जुळवलं नाही. बाईंनी ऐकायचं राहिलेलं तो त्यांच्या जागी बसून शेवटपर्यंत ऐकत होता. आणि ऐकता ऐकता त्याच्या तोंडून निघून गेलं, "आणि डावा मोजा?"

कॉनल थांबला. "तो घसरत होता," तो म्हणाला. "सारखा. पण ते मी सांगितलं नव्हतं तिला. तिला वाईट वाटेल म्हणून." मग त्याचा चेहरा बदलला. "तुला कसं माहीत?"

"बाई म्हणाल्या होत्या. मला. म्हणाल्या, डावा मोजा घसरत होता त्याचा, रबर लावायला सांगायचं राहिलं."

हे खरं होतं. ह्यातला शब्दन्‌शब्द नसला, तरी मोजा खरा होता.

"म्हणजे ती जागी होती," कॉनल सावकाश म्हणाला. "म्हणजे तिने… मी खाली जाताना दार उघडून पाहिलं मला?" हा प्रश्न त्याने सात वर्षांच्या तोंडाने विचारला. बेचाळीस वर्षांचा गडी, केस पिकायला लागलेले, ओठ आवळून उत्तराची वाट बघत होता.

"पाहिलं," मालाकी म्हणाला.